एक आपला, बाकीचे उसने
निहाली भाषेतील संख्याशब्दांविषयी

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगर ओलांडला की पलीकडे बुऱ्हाणपूर आणि खंडव्याचा मुलूख, म्हणजे जुना निमाड. या भागातील काही गावांत निहाली नावाची एक भाषा बोलली जाते. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या घरात सांगितली जाते. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे जनगणनेच्या प्रसिद्ध यादीत स्वतंत्रपणे येत नाहीत. त्यामुळे मराठी मुलखाच्या अगदी कडेला असलेली ही भाषा सरकारी गणतीत दिसत नाही, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकलेले असते.

भाषाशास्त्रज्ञांच्या दृष्टीने मात्र ती मोठी नवलाची भाषा आहे. भारतातील भाषांची आर्य, द्राविड, मुंडा, तिबेटो-ब्रह्मी अशी जी कुळे आपण शिकतो, त्यांपैकी एकाही घरात ती नीट बसत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. तेव्हा तिची मांडणी कोरकूच्या शेजारी झाली : मूळ मुंडा, त्यावर द्राविड थर, त्यावर आर्य थर. १९४० साली रॉबर्ट शेफर यांनी तिच्या तळाशी काही वेगळेच आहे असे मत मांडले. १९६२ साली डच पंडित कायपर यांचे निहालीवरील पुस्तक आले. त्यांच्या तपासणीत एक तृतीयांशाहून अधिक शब्द कोरकूशी जुळले, सुमारे नऊ टक्के द्राविड भाषांशी जुळले, बरेचसे हिंदी-मराठीचे निघाले, आणि जवळजवळ चौथा हिस्सा कशाशीच जुळेना. पुढे १९९६ साली आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला आणि २०१४ साली म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने के. एस. नागराज यांचे निहालीवरील पुस्तक काढले.

या लेखात निहालीच्या सगळ्या कोड्यांत शिरायचे नाही. एकच छोटे कोडे घ्यायचे आहे. ते तिच्या मोजणीचे.

कोडे काय आहे?

निहालीत 'एक' म्हणजे 'बिडुम'. 'बिडी' असेही रूप आढळते. हा शब्द कोणत्याही ज्ञात कुळाशी खात्रीने जोडता आलेला नाही, म्हणून तो निहालीचा स्वतःचा मानला जातो. 'दोन' म्हणजे 'इरार', 'तीन' म्हणजे 'मोथो', 'चार' म्हणजे 'नालो'. उच्चारांत थोडाफार फरक नोंदला गेला आहे. पण हे तिन्ही शब्द द्राविड वळणाचे आहेत. बेळगावच्या वाचकाला 'नालो' ऐकून कन्नड 'नाल्कु' आठवेल, हैदराबादच्या वाचकाला तेलुगू 'नालुगु' आठवेल. पाचापासून पुढे मात्र सगळे बदलते. पाच, सहा, सात हे आकडे सरळ हिंदी-मराठीच्या वळणाचे आहेत.

म्हणजे एक आपला, दोन ते चार द्राविडांचे, पाचापुढे आर्यांचे. आणि ज्या कोरकूंच्या शेजारी निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, ज्यांच्या शेतांवर राबले, ज्यांची भाषा बहुतेक प्रत्येक निहालाला येते, ज्यांच्या भाषेतून एक तृतीयांशाहून अधिक शब्द आले, त्या कोरकूंचा एकही आकडा या यादीत नाही.

कोरकूकडे आकडे नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. कोरकूची मोजणी अशी आहे : मिया, बारी, अफई, उफुन, मोनोई, तुरुई, येई, इलार, अरेई, गेल. पूर्ण दहापर्यंत स्वतःची. मेळघाटातली ही माळ फार दूरवर पोचते. झारखंड-बंगालकडील संताळीत बार, पोन, तुरुई, गेल हेच दोन, चार, सहा, दहा आहेत. त्याहून पुढे गेलात, तर व्हिएतनामी भाषेत तीनला 'बा' आणि चारला 'बोन' म्हणतात. तेही कोरकूच्या 'अफई' आणि 'उफुन' यांचेच दूरचे भाऊबंद आहेत. एवढी भक्कम, जुनी मोजणी शेजारच्या घरात असताना निहालांनी ती का घेतली नाही?

जिना : दोनपासून दहापर्यंत

उत्तराकडे जाण्याआधी आसपासच्या इतर भाषांकडे पाहू. कारण निहाली याबाबतीत एकटी नाही.

गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते. तिची मोजणी उंदी, रंड, मुंड, नालुंग, सय्युंग, सारुंग, येडुंग अशी सातपर्यंत स्वतःची. आठापासून पुढे बहुतेक बोलींत हिंदी-मराठीचे शब्द येतात. यातले 'सय्युंग' आणि 'सारुंग' जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. तेलुगू आणि कन्नडमध्ये पाच म्हणजे 'ऐदु' आणि सहा म्हणजे 'आरु'. मूळ द्राविड भाषेत या शब्दांच्या आरंभी 'च'सारखे एक व्यंजन होते, असे अभ्यासक मानतात. तेलुगू, कन्नड, तमिळ या साहित्यसंपन्न भाषांत ते गळून गेले. गोंडीच्या 'स'मध्ये त्याचा अवशेष टिकला. मोठी लेखी परंपरा नसलेल्या भाषेने जपलेली ही ठेव आहे.

यवतमाळ, वर्धा आणि आदिलाबादकडील कोलामीत चारपर्यंत स्वतःचे आकडे आहेत. पाचापासून तेलुगूचे. यवतमाळचा कोलाम मराठी मुलखात राहतो, तरी त्याच्या भाषेतील आकडे तेलुगू आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

झारखंड-छत्तीसगडच्या कुडुखमध्येही चारपर्यंत द्राविड आणि पाचापासून आर्य. राजमहालच्या टेकड्यांतील माल्तोत जेमतेम दोनपर्यंत स्वतःचे, तीनपासून आर्य. आणि पार बलुचिस्तानात, बाकीच्या द्राविड भाषांपासून शेकडो कोस दूर असलेल्या ब्राहुईत 'असित, इरत, मुसित' असे तीन आकडे घरचे आहेत; चारापासून 'चार, पंच' असे इराणी वळणाचे.

हा एक जिना आहे असे समजा. माल्तो दुसऱ्या पायरीवर, ब्राहुई तिसऱ्या, कुडुख आणि कोलामी चौथ्या, गोंडी सातव्या, कोरकू दहाव्या. प्रत्येक भाषेची पायरी वेगळी, पण दिशा एकच. उसने शब्द वरून खाली येतात. मोठे आकडे आधी जातात, लहान शेवटी. सात उसने आणि सत्तर घरचे, अशी भाषा शोधून सापडणे कठीण. अधूनमधून गाळ पडतो हे खरे. आफ्रिकेतील स्वाहिलीने सहा, सात आणि नऊ अरबीतून घेतले आणि मधला आठ स्वतःचा ठेवला. पण तिथेही एक ते पाच घरचे राहिले आणि वीस, तीस, चाळीस हे वरचे दशक अरबी झाले.

चारापर्यंत काय वेगळे आहे?

या जिन्यात चौथ्या पायरीजवळ गर्दी दिसते. त्याचे एक कारण माणसाच्या डोळ्यात आहे.

इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मूठभर घेवड्याच्या काळ्या बिया एका डबीच्या दिशेने टाकायच्या, काही आत पडतील, काही बाहेर. आत किती पडल्या ते एका नजरेत सांगायचे आणि मग मोजून ताडून पाहायचे. हजाराहून अधिक वेळा त्यांनी हे केले. तीन आणि चार बियांच्या बाबतीत त्यांची एकदाही चूक झाली नाही. पाचाला पहिल्यांदा चुका दिसल्या, आणि पुढे त्या वाढत गेल्या. चारापर्यंत आपण मोजत नाही, पाहतो. पाचापासून मोजावे लागते.

भाषांच्या व्याकरणातही ही सीमा उमटलेली आहे. संस्कृतात एक, दोन, तीन, चार या संख्यांना लिंग आहे : त्रयः, तिस्रः, त्रीणि, चत्वारः, चतस्रः, चत्वारि. पाचाला लिंग नाही. 'पञ्च' तिन्ही लिंगांत तेच. म्हणजे पहिले चार शब्द विशेषणासारखे नामाला चिकटून राहतात, आणि पाचापासून संख्या अलिप्त होते.

मराठीत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने राहिली आहे. दोन माणसे म्हणजे 'दोघे', तीन म्हणजे 'तिघे', चार म्हणजे 'चौघे'; बायका असतील तर 'दोघी, तिघी, चौघी'. आणि पाच? 'पाचजण'. तिथे 'जण' हा आधार घ्यावा लागतो. रोज शंभरदा बोलताना आपल्या ध्यानात येत नाही, पण माणसांसाठीचे खास शब्द मराठीत चारापाशी संपतात. द्राविड भाषांतही माणसांसाठी वेगळी रूपे आहेत. कन्नडचे इब्बरु, मूवरु, नाल्वरु आणि तेलुगूचे इद्दरु, मुग्गुरु, नलुगुरु आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून रोज जातात. निहालीचा 'इरार' हादेखील तमिळच्या 'इरुवर', म्हणजे 'दोघे', या शब्दाच्या जवळचा दिसतो.

तेव्हा पहिले तीन-चार शब्द घरातले आहेत. किती मुले, किती बैल, कोण कोण गेले, ताटात किती भाकरी, या प्रश्नांची उत्तरे बहुधा चाराच्या आत आटोपतात. हे शब्द पोर आईच्या कडेवर शिकते. बाकीचे ते पुढे बाजारात शिकते.

मोजतो कोण?

आणि आता निहालीच्या कोड्याकडे वळू.

पाचापुढचे आकडे कधी लागतात? धान्य विकताना, मजुरी घेताना, सावकाराचे देणे फेडताना, पट्टी भरताना, आठवड्याच्या हाटात मीठ आणि कापड घेताना. या प्रत्येक प्रसंगी समोर दुसरा माणूस असतो आणि माप त्याच्या हातात असते. मोठ्याने मोजणारा तोच. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल होती. हा शब्द मापाऱ्याच्या तोंडचा. ऐकणाऱ्याला त्या मोजणीवर लक्ष ठेवायचे, तर ती मोजणाऱ्याच्या भाषेत समजावी लागते. 'अठरा झाले' असे समोरचा म्हणाला आणि आपल्या हिशेबाने सोळाच झाले, हे त्याच क्षणी सांगता आले नाही तर दोन मापे गेली. गरीब माणसाला ही हौस परवडत नाही की आपण आपल्या आकड्यांत मोजू आणि मग भाषांतर करू.

म्हणून आकडे उसने घेतले जातात ते शेजाऱ्याकडून नव्हे, तराजूवाल्याकडून. निहाल आणि कोरकू यांचे नाते शेताचे, जंगलाचे, गावकीचे. त्या नात्यातून इतके शब्द आले. पण हाटात कोरकूही गिऱ्हाईकच होता. तिथली भाषा निमाडी, हिंदी किंवा वऱ्हाडी मराठी. निहालाने पाच ते शंभर तिथून उचलले. दोन, तीन, चार हे त्याहून जुन्या काळचे. कोणत्या तरी द्राविड समाजाशी निहालांचा असा निकट संबंध आला असला पाहिजे की घरातल्या लहान आकड्यांपर्यंत तो पोचला. संपूर्ण शब्दसंग्रहात द्राविड शब्द नऊच टक्के असताना, पहिल्या चारांतले तीन आकडे त्यांचे असावेत, ही खूण लहान नाही.

कोलामांचे तेलुगू आकडेही आता उलगडतात. आज त्यांतील अनेकांचा बाजार मराठी आहे. पण आकडे ज्या काळी ठरले, त्या काळी त्यांची देवघेव तेलुगूत होत असणार. माणसे कुठे राहतात हे गावाच्या नावावरून कळते. त्यांनी कधी काळी कोणाशी व्यवहार केला हे त्यांच्या आकड्यांवरून कळते. लेखी इतिहास नसलेल्या समाजांच्या बाबतीत असे पुरावे मोलाचे ठरतात.

एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. एखाद्या भाषेत स्वतःचे आकडे चारच आहेत, म्हणून ते लोक चारापुढे मोजू शकत नव्हते असे मुळीच ठरत नाही. बोटे, काड्या, गाठी, खडे यांनी मोजता येते. शिवाय आधीचे घरचे शब्द असून ते उसन्या शब्दांपुढे मागे पडले, असेही घडते. गोंडांची तर गढा-मंडला, देवगड, चांदा अशी राज्ये होती. तरी आठापासूनचे आकडे बदलले. शब्द गेला म्हणून बुद्धी गेली असे नसते.

आपल्या पाटीवरचे उसने आकडे

हे सगळे दूरच्या डोंगरातले वाटत असेल, तर जरा मराठीकडे पाहू.

'हजार' हा आपला शब्द नव्हे; तो फारसी आहे. जुन्या मराठीतील 'सहस्र' पूजेत आणि पोथीत राहिला, व्यवहारात हजार आला. महसूल कचेरीतला 'अव्वल कारकून' बराच काळ त्याच नावाने ओळखला जात असे, आणि नोंदणी कचेरीतला 'दुय्यम निबंधक' आजही त्याच नावाने ओळखला जातो. 'अव्वल' म्हणजे पहिला, 'दुय्यम' म्हणजे दुसरा. एक अरबी, दुसरा फारसी. घरात आपण पहिला मुलगा, दुसरी सून म्हणतो, पण दप्तरातली क्रमवारी दप्तराच्या जुन्या भाषेत राहिली. कागदाचा 'दस्ता' फारसी, अंड्यांचे 'डझन' इंग्रजी. प्रत्येक शब्दावर त्या त्या काळच्या कचेरीचा किंवा दुकानाचा शिक्का आहे. कन्नडने 'साविर' संस्कृत 'सहस्र'वरून घेतला. थाई भाषेने तर बहुतेक सगळे मूळ आकडे चिनीतून घेतले. मोठ्या भाषाही या नियमाला अपवाद नाहीत.

याहून गमतीचा पुरावा विटीदांडूत आहे. विटी किती लांब गेली हे मोजताना मुले म्हणत : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. ही माळ गावोगाव थोडी बदलते. अर्थ विचारला तर कोणी सांगू शकत नसे. खेळाचे शब्द म्हणून ते चालत. पण हैदराबादकडच्या वाचकाने हे शब्द तेलुगूशेजारी ठेवून पाहावेत : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. 'वकट' हा तेलुगू 'ओकटि'च. कन्नडचा 'ओंदु' इथे जुळत नाही. 'मूंड'मधला अनुस्वार आजच्या तेलुगू 'मूडु'त ऐकू येत नाही, पण जुन्या तेलुगूत तो होता. तेव्हा ही माळ बरीच जुनी असली पाहिजे. आणखी एक : वर दिलेल्या माळेत 'ऐदु' गळून पडला आहे. त्यामुळे 'आर', म्हणजे सहा, पाचव्या जागी येतो, आणि 'वेद', म्हणजे सात, सहाव्या. अर्थ विसरल्यावर एक कडी निसटली, तरी कोणाच्या लक्षात आले नाही. खेळाला अर्थ लागत नाही, क्रम लागतो.

आकडे उसने येतात तसे ते निकामीही होतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे एकेकाळी शाळेत घोकून घेत. 'औट' म्हणजे साडेतीन. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पायलीची मापे होती तोवर या अपूर्णांकांवाचून दुकान चालत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि औटकीचे काम संपले. आज 'औट' हा शब्द 'औट घटकेचे राज्य' एवढ्या वाक्प्रचारात जीव धरून आहे. तो म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना औट म्हणजे नेमके किती हे ठाऊक असेल?

उसनवारीने भाषा मरते का?

साहजिकच हा प्रश्न येतो. सरळ उत्तर, नाही. थाई भाषा चिनी आकडे घेऊन जोमाने जगते आहे. जपानीत घरचे आकडे आणि चिनी आकडे शेजारी शेजारी नांदतात. ब्राहुई तीन घरच्या आकड्यांवर लाखो लोकांत चालली आहे. उसना शब्द घरात आला, घरच्या व्याकरणाने वागू लागला, की तो घरचा होतो. 'हजारो', 'हजारदा', 'हजारांनी' म्हणताना आपण फारसी बोलत नाही.

धोका वेगळ्या ठिकाणी असतो. शब्द उसना घेणे ही एक गोष्ट, आणि मोजायची वेळ आली की भाषाच बदलणे ही दुसरी. पहिलीत निहाल माणूस निहालीतच बोलत असतो, फक्त त्या वाक्यात पाच हिंदी-मराठीचा असतो. दुसरीत तो मोजण्यापुरता निहालीबाहेर पडतो. मग मजुरीपुरता, मग शाळेपुरता, मग दवाखान्यापुरता. आणि एक दिवस घरात परत येतच नाही. आकडे हे त्या वाटेवरचे पहिले दार आहे, कारण बाजार तिथूनच आत येतो.

हे आपल्यालाही लागू आहे, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना अधिक लागू आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरात 'एकोणसाठ' ऐवजी 'उनसठ' सहज येतो. बडोद्यात गुजराती, बेळगावात कन्नड, हैदराबादेत तेलुगू किंवा हिंदी आकडा तोंडात बसतो. भ्रमणध्वनीचा क्रमांक तर सगळीकडेच इंग्रजीत सांगितला जातो. मराठी वाक्यात 'सेव्हन्टी नाइन' ऐकून आता कोणी चमकत नाही. 'एकोणऐंशी' म्हटले तर मुले चमकतात. महाराष्ट्रातही स्थिती फार निराळी नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' अशा वाचनाची सोय केली गेली, तेव्हा मोठा वाद झाला. मुलांना जोडाक्षरे आणि उलटा क्रम जड जातो, हे एका बाजूचे म्हणणे; भाषेचे वळण मोडते, हे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली होती : पन्नास ते नव्व्याण्णवच्या वाटेवर मुले अडखळू लागली आहेत.

म्हणजे आपणही त्याच जिन्यावर उभे आहोत. मराठीची पायरी खूप वरची आहे, तिला नऊशे वर्षांहून अधिक काळाचे लेखन आहे, कोट्यवधी बोलणारे आहेत. निहालीशी तिची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. पण घसरण्याची दिशा तीच आहे, वरून खाली. सत्त्याण्णव आधी जाईल, सत्तावीस नंतर, सात सगळ्यांत शेवटी. जोवर 'दोघे' आणि 'तिघी' मुलांच्या तोंडी आहेत, तोवर तळ शाबूत आहे.

काय करता येईल?

निहालीसाठी करायचे काम तातडीचे आहे, आणि ते करणाऱ्यांसाठी या सगळ्यातून एक व्यावहारिक धडा निघतो. वही घेऊन गेलेल्या पाहुण्याने 'एक ते दहा म्हणा' असे सांगितले की समोरचा माणूस बाजारातली माळ म्हणून दाखवतो. वही, पाहुणा आणि एक-ते-दहा हे सगळे बाजाराकडचेच. घरचे शब्द तसे विचारून मिळत नाहीत. त्याऐवजी विचारावे : घरात माणसे किती? त्यांत बायका किती? थोरला कोण, मधला कोण? शेळीला करडे किती झाली? पाऊस किती दिवसांपूर्वी पडला? मराठीतसुद्धा 'उद्या, परवा, तेरवा' ही दिवसांची मोजणीच आहे, पण आकडे म्हणून दाखवा म्हटल्यावर ती कोणी सांगणार नाही. मुलांच्या खेळातले, धान्य मापतानाचे, गुरे आत घेतानाचे शब्द टिपावेत. त्यांतच जुनी मोजणी लपलेली असते, अर्थ विसरूनही.

आपल्या साहित्य संस्थांना यातला एक भाग सहज उचलता येईल. कोरकू, गोंडी, निहाली, कोलामी यांच्या मुलखाला लागून आपली अनेक केंद्रे आहेत. इंदुराहून निहालांचा मुलूख दूर नाही. हैदराबादेहून आदिलाबादही नाही. या भाषा बोलणारी मुले मराठी आणि हिंदी शाळांत शिकतात. त्यांच्या शिक्षकांना हे माहीत असावे की वर्गातल्या मुलाने 'गेल' म्हटले तर ते चुकीचे उत्तर नसते. ते दहाच असते, आणि आपल्या 'दहा'हून वेगळ्या पण तितक्याच जुन्या घराण्याचे असते.

आणि आपल्या घरांसाठी याहून सोपे काम आहे. मुलांसमोर भाजीचा हिशेब, गाडीचा क्रमांक, आजोबांचे वय, दाराशी आलेल्या पाहुण्यांची संख्या मराठीत सांगावी. पाढे पाठ करायला लावण्याची गरज नाही. मोजण्याचा प्रसंग मराठीत घडला, की शब्द आपोआप राहतो. निहालीचा 'बिडुम' कोणत्याही शाळेने टिकवलेला नाही. घरात एकाला एक म्हणण्याची वेळ रोज आली, म्हणून तो टिकला.